प्रभावळ

लॉकेटात मावेल एवढा करून द्या, म्हणाली,
आणि अंगठ्याचं नख पुढं केलं. एवढा.
नखाच्या कडेला तंबाखूची तपकिरी रेघ,
निपाणीत निम्म्या बायकांच्या नखांना असते तशी.

फोटो कुणाच्यातरी लग्नातला.
तिची थोरली बहीण, सुंद्राक्का,
हातात आमटीची बादली, तोंड उघडं,
पंगतीत कुणावर तरी ओरडताना सापडलेली.
मागं हिरवा मंडप,
इतका हिरवा की पोपटानं लाजावं.

चार हजार ठिपके रुंद. मला हवे अडीचशे.
म्हणजे सोळा आडवे, सोळा उभे,
दोनशे छप्पन ठिपक्यांनी एका खोलीत नांदायचं
आणि भांडण बाहेर ऐकू येऊ द्यायचं नाही.

पहिल्या खेपेला घाई केली.
मंडप पुसला, चेहरा उचलला,
आधी धार लावली, मग लहान केला.
तिनं प्रिंट दाराशी, उजेडात नेली.
"ह्ये काय ओ डोसक्याभवती पांढरं?"
केसांच्या कडेनं रेघ,
पालखीतल्या मुखवट्यामागं असते तशी.
मी म्हटलं, बरं दिसतंय की, देवीगत.

"देवी न्हवती ओ ती.
शिव्या द्यायची.
कन्नडात सुरू करायची, मराठीत संपवायची.
मुकादमानं मोजताना दोन विड्या जादा वढल्या
तर त्याच्या आज्ज्यापत्तर जायची.
काढा ते पांढरं."

बसू मास्तर बोर्ड रंगवत, पुढं संगणकावर करायला लागले.
वरती मोठी कन्नड, खाली बारीक मराठी,
आणि बारीक करताना प्रत्येक काना-मात्रेला
चुन्याचं बोट लागल्यासारखं व्हायचं.
ते म्हणायचे, तुला घाई धारेची असते रे.
आधी धूसर होऊ दे.
लांबची एसटी ओळखताना
डोळे बारीक करतोस ना, तेवढं.
जे मावणार नाही ते आपणहून मागं सरतं.
मग लहान कर.
धार अगदी शेवटी, ताकात मीठ घालावं तशी.
हाव धरलीस की काळं आणखी काळं होतं,
त्याला लागून पांढरं आणखी पांढरं,
आणि मधे नसलेली रेघ उभी राहते.

मूळ फोटो परत उघडला.
ती बाकावर बसून राहिली, पंख्याकडं बघत.
धूसर केला. लहान केला. चिमूटभर धार.
पांढरं गेलं.

आता केसांना हिरवट झाक.

मंडप तर मी पुसला होता.
पुसला म्हणजे काय, झाकला होता.
पारदर्शक ठिपक्याच्या पोटात
जुना रंग तसाच बसून असतो,
दिसत नाही, पण सरासरी निघते तेव्हा
तोही हात वर करतो.
त्याला सांगावं लागतं, बाबा,
तू जेवढा दिसतोस
तेवढंच तुझं मत.
हे सांगायची खूण त्या प्रोग्राममध्ये
तिसऱ्या यादीच्या तळाशी आहे.
मला सापडेपर्यंत चहा येऊन गार झाला.

तिसरी प्रिंट.
तिनं नखावर ठेवून बघितली.
काळे केस काळ्यावर थांबलेले,
पलीकडं नुसता कागद.
"तोंड उघडं दिसतंय?"
दिसतंय, म्हटलं. चार ठिपक्यांचं आहे, पण उघडं आहे.
"मग तीच हाय."

किती झाले, विचारलं.
तीन वेळा छापलं, नव्वद, म्हणालो.

दाराच्या उजेडात ती वळली.
कडेचा एक केसही उजळ नव्हता.
बादली तेवढी हातात नव्हती,
बाकी सगळं तसंच.
तोंड उघडलं,
आणि तिनं कन्नडात सुरुवात केली.